हक्क देण्याची घाई झाली नव्हती, संरक्षण काढून घेण्याची झाली

नीरेकाठ
'चावडीवाचक' यांनी परवा लिहिले की, अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत गुलामगिरीवरून झालेल्या यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांना मताधिकार देण्याची घाई झाली, संगिनींच्या धाकाने लादलेले हक्क समाजाने झुगारले, आणि पन्नास वर्षे दमाने घेतले असते तर दक्षिणेत पुढचे विष पसरले नसते. हे वाचून राहवले नाही.

दमाने घेण्याची संधी दक्षिणेला मिळाली होती. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, आणि वर्ष सरायच्या आत मिसिसिपीत कायदा झाला की मुक्त माणसाने दर जानेवारीत आपण कोणाकडे कामाला आहोत याचा लेखी पुरावा दाखवावा. भटक्या ठरला तर दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो कोणी तो भरील त्याच्याकडे राबावे. अध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार मोडून १८६६ चा नागरी हक्क कायदा करावा लागला तो यामुळे. त्याच वर्षी मे महिन्यात मेम्फिसला आणि जुलैत न्यू ऑर्लिन्सला कत्तली झाल्या. दक्षिणेचे पाच लष्करी विभाग पडले ते त्यानंतर, मार्च १८६७ मध्ये. हा क्रम कृपा करून उलटा लावू नये.

१८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्याच देशात त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुईझियानातल्या कोलफॅक्सच्या कचेरीत जमलेल्या कृष्णवर्णीयांना वेढून मारले गेले, आणि शरण आलेल्या कैद्यांनाही रात्री गोळ्या घातल्या गेल्या. अशा वेळी दोष मत मागणाऱ्याच्या घाईला द्यायचा?

चावडीवाचक
'पन्नास वर्षे' हे मी सैलपणे लिहिले, एवढे मान्य करतो. कत्तलींचे समर्थन मी केलेले नाही आणि तसा अर्थ काढल्याचे मला दुःख आहे. माझा मुद्दा असा आहे की ज्या कायद्याला समाजाची संमती नसते तो टिकत नाही. उत्तरेचे तरी काय होते? १८६५ मध्येच कनेक्टिकट, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा येथील गोऱ्या मतदारांनी कृष्णवर्णीयांना मताधिकार नाकारला होता. पुढे १८७६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राज्यांच्या वीस निर्वाचक मतांचा वाद आयोगाने आठ विरुद्ध सात अशा मतांनी निकालात काढला, हेज १८५ विरुद्ध १८४ असे निवडून आले, आणि १८७७ मध्ये दक्षिणेत ठेवलेले उत्तरेचे सैनिक छावणीत परतले. लुईझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, ते १९०० मध्ये ५,३२० उरले. सैन्यावर उभा असलेला हक्क सैन्याबरोबरच गेला.

अटलांटाकर
आपण दिलेला आकडाच आपल्या विरोधात जातो. सैनिक छावणीत परतल्यानंतर एकोणीस वर्षांनीही लाखाहून अधिक लोक यादीत होते. त्यांना यादीतून काढले ते राज्याच्या १८९८ च्या घटनेने. मतदाराला वाचता-लिहिता आले पाहिजे किंवा त्याच्याकडे मालमत्ता हवी, अशी अट तिने घातली आणि ज्याचे वडील किंवा आजोबा १ जानेवारी १८६७ रोजी मतदार होते त्याला ती माफ केली. १८६७ च्या त्या दिवशी तिथे कोणाचे आजोबा मतदार होते, हे वेगळे सांगायला नको.

मी २०१३ मध्ये कोलफॅक्सला मुद्दाम गेलो होतो. कचेरीच्या आवारात सरकारी फलक होता. त्यावर कत्तलीला 'दंगल' म्हटले होते, तीन गोरे आणि दीडशे निग्रो मेल्याचे लिहिले होते, आणि शेवटी असे की, या घटनेने दक्षिणेतल्या उपऱ्यांच्या (म्हणजे उत्तरेतून आलेल्यांच्या) कुशासनाचा अंत झाला. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने तो मोठ्याने वाचला आणि विचारले, "म्हणजे हे चांगले झाले असे लिहिले आहे का?" तो फलक २०२१ मध्ये हटला. समाजाची संमती म्हणता ती ही.

पाणंद
आजोबांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. तुम्ही सगळे मतावर भांडता आहात, पण मूळ दुखणे जमिनीचे होते. उत्तरेचा सेनानी शर्मन याच्या जानेवारी १८६५ च्या आदेशाने किनाऱ्यालगत सुमारे चाळीस हजार माणसे जमिनीवर बसली, आणि ती जमीन जॉन्सन यांनी त्याच वर्षी जुन्या मालकांना परत देवविली. मग उरले वाट्याने कसणे आणि दुकानदाराच्या वहीतले कर्ज. माझे आजोबा कूळ होते. निवडणुकीच्या दिवशी ते आधी मालकाच्या वाड्यावर जात, तिथून सगळे मिळून मतदानाला. १९५७ नंतर सातबाऱ्यावर नाव लागले, आणि पुढच्या निवडणुकीला ते धुतलेले धोतर नेसून घरातून थेट शाळेत गेले. आजी ही गोष्ट मरेपर्यंत सांगत असे.

चावडीवाचक
येथे कुळकायदा आणण्याचे कारण नव्हते. माझे आजोबा शाळामास्तर होते. त्यांची पाच एकर गेली आणि किंमत अशा हप्त्यांनी आली की आत्याच्या लग्नाला कर्ज काढावे लागले. माझ्या घरच्यांना गुलाममालकांच्या पंगतीला बसवू नका.

पाणंद
मी कोणालाही त्या पंगतीला बसवलेले नाही, तुम्हीच पाट मांडून घेतलात. तुमच्या आजोबांना पगार होता. माझ्या आजोबांना दुसरे काही नव्हते.

नीरेकाठ
दोघांनीही आवरते घ्यावे, पण या वादातूनच मूळ प्रश्नाचे उत्तर निघते आहे. कुळकायदा सगळीकडे सारखा चालला नाही. अनेक गावांत मालकांनी कुळांकडून खुशीचे म्हणून राजीनामे लिहून घेतले, आणि जिथे त्याची नीट चौकशी झाली नाही तिथे कायदा कागदावरच राहिला. दक्षिणेत नेमके हेच झाले. ऑक्टोबर १८७१ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ जिल्ह्यांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा (अटकेतल्याला न्यायालयापुढे आणण्याचा) हक्क स्थगित करून धरपकड केली, तेव्हा कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या टोळीचे कंबरडे मोडले. पण कोलफॅक्सच्या आरोपींची शिक्षा १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देणारी घटनेची चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसांना नाही, असे न्यायालयाने म्हटले. राज्यघटना तीच होती, फक्त राबवणारा मागे सरला होता.

चावडीवाचक
१८७१ चे मी विसरलो होतो आणि १८९६ चा आकडा मीच पुरता वाचला नव्हता. संरक्षण राहिले असते तर हक्क टिकले असते, हे यापुढे नाकारणार नाही. उत्तरेच्या मतदारांना ते संरक्षण किती वर्षे परवडले असते, याचे उत्तर मात्र आपण कोणीच दिलेले नाही. आणि पाच एकरांबद्दल मी जे लिहिले त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.