मानसिक आरोग्याचे संशोधक घडवायला परदेशी मदत घ्यावी का?

शुभदा_नौपाडा

परवा आमच्या कट्ट्यावर एका निवृत्त प्राध्यापकांनी ठासून सांगितलं, की परदेशी संस्था आपल्या मुलांना मानसिक आरोग्याचं संशोधन शिकवतात ते इथली माहिती स्वस्तात गोळा करून मिळावी म्हणून. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. पण नैराश्य आलेला माणूस तिथे जात नाही, तो गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. झोप नाही, धडधडतं, अंग दुखतं असं सांगतो आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन घरी येतो. या माणसापर्यंत उपचार कसे पोचवायचे, याचं उत्तर अंदाजाने मिळत नाही. गोव्यात 'संगथ' या संस्थेने लंडनच्या सहकाऱ्यांसोबत 'मानस' नावाचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांमुळे सरकारी आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांना स्पष्ट फायदा झाला. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही.

आता आपल्याकडे बघा. कोपरखैरणे असो की वर्तकनगर, बहुतेक लोक आधी खासगी डॉक्टरकडेच जातात. मग आपल्याकडे काय चालेल? हे शोधायला इथलीच माणसं हवीत, आणि असा अभ्यास कसा आखायचा हे ज्यांना येतं त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला?

ऐरोलीकर

शुभदाताई, प्राध्यापक म्हणतात तशी स्वस्तात माहिती गोळा करणारा मीच होतो, म्हणून लिहितोय. संस्थेचं नाव घेत नाही. परदेशी निधीचा प्रकल्प होता, तुर्भ्याच्या वस्तीत घरोघर प्रश्नावली भरायची. आम्हाला प्रशिक्षण दिलं ते टॅबवर उत्तरं कशी नोंदवायची याचं.

एका घरात भर दुपारी पत्र्याखाली बसून मी त्या बाईंना विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत जीव नकोसा वाटला का? त्यांनी हातातली भाकरी परातीत ठेवली आणि म्हणाल्या, "रोज." नियमाप्रमाणे मी त्यांना दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे जायचं तर दिवसाचा रोज बुडणार. त्या गेल्या की नाही, हे विचारायला परत जाण्याची सोय प्रकल्पात नव्हती. वर्षभराने निबंध छापून आला. लेखकांच्या यादीत पहिलं आणि शेवटचं, म्हणजे मानाची दोन्ही नावं परदेशातली, आम्ही तर आभारातही नाही. प्राध्यापक चुकीचं काय बोलले?

शुभदा_नौपाडा

ऐरोलीकर, त्या बाईंना वाऱ्यावर सोडणं चूकच, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तुम्हाला जे दिलं गेलं त्याला मी संशोधकाचं प्रशिक्षण म्हणणारच नाही. प्रश्न ठरवणं, नमुना निवडणं, आकडे तपासणं आणि 'हा उपचार चालत नाही' असं छापून सांगण्याची हिंमत करणं, हे शिकवलं तर ते प्रशिक्षण.

तसं घडलेलं आहे. आफ्रिकेत 'आमारी' हा उपक्रम झिंबाब्वे, मलावी, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिकेतले संशोधक घडवण्यासाठी उभा राहिला. पैसा लंडनच्या वेलकम ट्रस्टचा, पण नेतृत्व हरारेच्या विद्यापीठात, डिक्सन चिबांडा यांच्याकडे. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून आज्या लोकांचं ऐकून घेतात, त्या 'फ्रेंडशिप बेंच'चे तेच चिबांडा. आणि पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांच्या गटाने गावच्या आरोग्यसेविकांना नैराश्य आलेल्या गरोदर बायकांशी कसं बोलायचं ते शिकवलं. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी २३ टक्के बायकांत नैराश्य उरलं होतं. सेविका ज्यांच्या घरी नुसत्याच येऊन जात होत्या, त्यांच्यात ५३ टक्के. २००८ चा अभ्यास आहे. आपल्या आशाताईंना हे शिकवता येणार नाही का?

नाना_कोपरी

आशाताईंवर आणखी किती लादणार? लसीकरण, टीबी, सर्वेक्षण, सगळं त्यांच्याच डोक्यावर.

माझा मुद्दा साधा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला, आणि नैराश्यासारख्या आजारांत ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांना उपचारच मिळत नव्हते. रोग माहीत आहे, औषधं माहीत आहेत. मग संशोधक कशाला? डॉक्टर नेमा, समुपदेशक नेमा, गोळ्यांचा साठा संपू देऊ नका. माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात आम्ही वीस वर्षं काढली आहेत. त्या काळात घरी एकही संशोधक लागला नाही. गोळी वेळेवर मिळाली नाही की मात्र रात्र जागून काढावी लागायची.

मीनल_खारघर

नाना, तुमच्या घराने जे सोसलं त्यापुढे वाद घालायला जड जातं, तरी एक सांगते. तुम्ही दिलेले ते ८५ टक्के संशोधकांनीच मोजले. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने मोजले नसते तर सरकारपुढे काय ठेवलं असतं?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, आणि शुभदाताईंशी माझा मतभेद दुसऱ्या जागी आहे. परदेशी पैशावर उभं केलेलं काम तिकडच्या एका निर्णयाने आडवं होतं. ब्रिटनने २०२१ मध्ये परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांच्या विद्यापीठांमार्फत परदेशी भागीदारांना मिळणारे नवे उप-अनुदान थांबवले. इकडे आपल्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे मोठी संस्था नवी मुंबईतल्या छोट्या संस्थेला भागीदार करून घेऊ शकत नाही.

समजा, मुलगी तिकडून शिकून आली. करणार काय? माझ्यासोबतच्या दोघी आल्या होत्या. एक वर्षभर कंत्राटावर राहिली, मग मेलबर्नला गेली. दुसरी वाशीत कॉर्पोरेट समुपदेशन करते. जागाच नव्हती, दोघींना दोष कसा देऊ?

शुभदा_नौपाडा

मीनल, जागांचं म्हणणं मान्य. महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय कळव्यात आहे, तिथे मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठी कायम पदं हवीत, आणि ती मागणी आपण नगरसेवकांकडे केली पाहिजे. पण म्हणून तोवर शिकायचंच नाही? पीएच.डी.ची नोंदणी इथल्या विद्यापीठात, विषय इथला, मधले काही महिने तिकडे, असा मार्ग आहे की. आणि ज्ञान एकाच दिशेने येतं असंही नाही. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने मानसिक आरोग्य कायदा आणि मानवी हक्क यांचा आंतरराष्ट्रीय पदविका अभ्यासक्रम सुरू झाला, त्यासाठी बाहेरच्या देशांतले लोक पुण्यात आले.

ऐरोलीकर

ताई, तुमची उदाहरणं चांगली आहेत, पण ती निवडक आहेत. माझा विरोध कमी करायचा असेल तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या. घरोघर फिरणाऱ्यांपैकी ज्यांना शिकायचंय त्यांना पहिली संधी. निबंधाचा मुख्य लेखक इथला. आणि जिथे 'रोज' असं उत्तर येईल त्या घरी आठवड्याच्या आत कुणीतरी परत जाईल, त्याचा खर्च प्रकल्पात धरलेला असेल. हे नसेल तर आमच्या वस्तीत येऊ नका, असं मी उघड सांगेन.

नाना_कोपरी

तिसरी अट पहिली करा. बाकी माझं मत आहे तिथेच आहे. पैसा आधी औषधाला.

मीनल_खारघर

नाना, ऐरोलीकर, ही अट नैतिक समितीकडे, म्हणजे संशोधनात लोकांचं नुकसान होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीकडे मागता येते. परदेशी सहकार्याच्या आरोग्य प्रकल्पाला संस्थेची नैतिक समिती लागते, शिवाय आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जावं लागतं. नैतिक समितीवर वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्ती असावीच लागते. ऐरोलीकर, तुम्ही त्या जागेसाठी नाव द्याल का? माझ्या ओळखीच्या एका समितीत ती जागा सध्या रिकामी आहे.

ऐरोलीकर

देतो. पण तिथे बसलो तरी विरोध करायचा तिथे करणारच.