चालू कॅम्पेनमध्ये सेटिंगचा काळ शंभर वर्षे पुढे न्यावा का?

बर्डीचा_डीएम

नमस्कार. आमचा गट रविवारी दुपारी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रे घेऊन खेळायचा कथाखेळ खेळतो आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. आमचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकी चालणारी कथा, फरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगातले (अशा जगाला सेटिंग म्हणतात) असून तिसऱ्या आवृत्तीच्या २००१ सालच्या पुस्तकाप्रमाणे ते तिथल्या डेल गणनेच्या १३७२ या वर्षी सुरू झाले. नियम आम्ही मागेच पाचव्या आवृत्तीचे घेतले. त्यावर कुणी फारशी कुरकुर केली नाही. आता मला पाचव्या आवृत्तीची छापील साहसे वापरायची आहेत आणि ती साधारण १४८० नंतरच्या काळात घडतात. म्हणून सध्याची कथा संपवून काळ शंभरेक वर्षे पुढे न्यावा आणि सर्वांनी नवी पात्रे घ्यावीत, असे मी सुचवले.

एकाने लगेच होकार दिला. दुसऱ्याला कोणतेही वर्ष चालते, त्याला लढाई मिळाली म्हणजे झाले. परंतु जिचे पात्र हालरुआ या त्या जगातल्या देशाची जादूगार आहे, ती खेळाडू पुढच्या रविवारी सगळे वाचून आली आणि तिने विचारले की १३८५ मध्ये हालरुआ नष्टच होणार असेल, तर तिथे परत जाऊन पाठशाळा काढण्यासाठी तिने आजवर जमवलेल्या सोन्याला काय अर्थ उरला? आणखी एक अडचण आहे. गटाने एका गावाला एका चेटकिणीच्या जाचातून सोडवले होते. त्या गावात मी मारबतीच्या, म्हणजे नागपुरातल्या पुतळ्याच्या मिरवणुकीच्या, धर्तीवर एक सण सुरू केला, ज्यात दरवर्षी तिचा पुतळा वाजतगाजत फिरवून वेशीबाहेर जाळतात. हे गाव छापील नकाशात नाही. आमच्या लॅमिनेट केलेल्या नकाशावर खेळाडूंनीच हिरव्या मार्करने त्याची खूण केली आहे. नव्या नकाशावर ती खूण राहणार का, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

हा विरोध चार बैठकींत मावळतो, की काळ पुढे नेण्याचा विचारच सोडून द्यावा?

जुना_नकाशा

आपल्या गटाची प्रतिक्रिया नवी नाही. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा जगभरातल्या कितीतरी जुन्या खेळाडूंनी हेच म्हटले होते. त्या आवृत्तीत सायरिक या देवाने शार देवीच्या मदतीने जादूची देवता मिस्त्रा हिची हत्या केल्याचे, त्यातून स्पेलप्लेग हे जादूचे अरिष्ट उसळल्याचे आणि वर्तमानकाळ एकदम १४७९ वर गेल्याचे दाखवले होते. अबेर नावाच्या जुळ्या जगाचे तुकडे फेरून या मुख्य खंडात येऊन बसले आणि उन्थर देशाच्या जागी ड्रॅगनबॉर्न या ड्रॅगनसारख्या लोकांचा टायमँथर उभा राहिला. नव्या खेळाडूला वीस वर्षांच्या पुस्तकांचे ओझे वाटू नये, हा त्यामागचा एक हेतू होता आणि तो मला आजही गैर वाटत नाही.

मात्र लोक चिडले ते काळ बदलला एवढ्यासाठी नव्हे. ज्या राजाशी तुमचे वैर होते, ज्या व्यापाऱ्याचे तुम्ही पैसे देणे लागत होता आणि ज्या सरायवाल्याने तुम्हाला लपवले होते, ते सगळे शंभर वर्षांत गेले. ते कसे गेले हे मात्र खेळाडूंनी अनुभवले नाही, केवळ एका परिच्छेदात वाचले. १९८९ च्या सुमारास दुसऱ्या आवृत्तीसाठी टाइम ऑफ ट्रबल्स हा देवांच्या उलथापालथीचा प्रसंग घडवला गेला तेव्हाही देव मेले, नवे देव झाले, पण माणसे जागेवर होती. त्यावरही टीका झाली, तरी कॅम्पेन तिथून पुढे नेता येत होते.

'डार्क सन' या दुसऱ्या सेटिंगचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. १९९१ मध्ये आलेल्या त्या सेटिंगमध्ये जादूगार-राजांची जुलमी नगरे हेच मुख्य आकर्षण होते. सोबतच्या कादंबऱ्यांत त्यांतले अनेक राजे मारले गेले आणि १९९५ च्या सुधारित संचाने ते सारे अधिकृत मानले. म्हणजे खेळाडूंनी जे करायचे ते कादंबरीतल्या पात्रांनी आधीच उरकून टाकले. २०१० मध्ये ती सेटिंग पुन्हा काढताना काळ मागे, टीर नगराचा राजा कलाक पडल्याच्या सुमारास आणला गेला, तो उगीच नव्हे.

आपल्या जादूगार खेळाडूला एक गोष्ट मात्र अवश्य सांगावी. २०१५ च्या स्वोर्ड कोस्टवरील पुस्तकाप्रमाणे हालरुआ नष्ट झालेच नव्हते. तिथल्या जादूगारांनी संकट आधीच ओळखून आपला देश अबेरमध्ये नेला आणि नंतर तो परत आला. हा खुलासा जरा सोयीस्कर आहे, हे मान्य. पण तिच्या पाठशाळेला जागा मिळते.

महालकर

मी उलट बाजूने बोलतो. काळ गोठवून ठेवण्याचाही कंटाळा येतो. एबेरॉन या सेटिंगमध्ये २००४ पासून ९९८ हेच वर्ष चालू आहे. तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असून पुढचा इतिहास प्रत्येक गटाने आपापला घडवावा, हे तत्त्व मला पटते. २०२४ च्या डीएम-मार्गदर्शिकेतल्या ग्रेहॉक सेटिंगनेही तिथल्या युद्धानंतरचा काळ बाजूला ठेवून जुन्या संचातले ५७६ हेच वर्ष घेतले आहे. तरीही जग आपल्यामागून चालत राहते, ही जाणीव मला पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या गोलारिअन जगात अधिक मिळते. तिथले वर्ष आपल्या वर्षाबरोबर पुढे सरकते, २०१९ ला तिथे ४७१९ होते, आणि छापील साहसमालिका यशस्वी झाल्या असे धरून नवी पुस्तके लिहिली जातात. ज्याने ती साहसे खेळली आहेत त्याला आपल्या कामाची दखल घेतल्यासारखे वाटते. अर्थात ज्याचा गट त्या मालिकेत हरला, त्याला कडू घोट गिळावा लागतो.

आणि शंभर वर्षांचे एवढे भय कशाला? आपल्याकडे काळी मारबत १८८१ पासून निघते असे सांगतात आणि तिचा संबंध भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी जोडला जातो. आज मिरवणुकीत 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत चालणाऱ्या किती पोरांना बांकाबाई ठाऊक असते? मिरवणुकीतल्या बडग्या पुतळ्यांवर तर दरवर्षी नवी महागाई आणि नवा पुढारी असतो. तुमच्या त्या गावातही शंभर वर्षांनी हेच झालेले दाखवा. पुतळा निघतो आहे, चेटकिणीचे नाव अपभ्रंश होऊन राहिले आहे, आणि सोडवणाऱ्या वीरांची संख्या लोकांनी परस्पर वाढवली आहे. आपल्या पराक्रमाची अशी चुकीची हकिकत नव्या पात्राच्या कानी पडली की जुना खेळाडू खुर्चीत सरसावून बसतो. छापील पुस्तक हे करू शकत नाही, कारण त्याला तुमचे गाव माहीत नाही. हे काम डीएमचेच आहे.

फुटाळ्याची_विझार्ड

वरील दोन्ही मते वाचली. एक प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही: मुळात काळ पुढे न्यायची गरज आहे का? छापील साहसातली नगरे, भुयारे आणि कारस्थाने उचलून १३७२ मध्ये बसवता येतात. दोन-चार सरदारांची नावे बदलावी लागतील आणि नेव्हरविंटर नगराच्या पडझडीचे उल्लेख गाळावे लागतील, कारण ज्वालामुखीचा तो उद्रेक १४५१ चा आहे. आमच्या गटात खेळाडूंनी बदल नाकारला तो पुस्तकामुळे नव्हे, तर आमच्या डीएमने आम्हाला न विचारता तो जाहीर केला म्हणून. आपण निदान विचारले आहे.

बर्डीचा_डीएम

सर्वांचे आभार. हालरुआचा खुलासा मी तिला कळवला. तिने तो मान्य केला, पण अट घातली की देश अबेरमध्ये नेण्याचा तो विधी टेबलावर खेळला जावा आणि त्यात तिच्या पात्राचा हात असावा. त्यामुळे आधी काही बैठकी १३८५ मध्ये होतील आणि १४८९ ला त्यानंतर जाऊ. मारबतीची सूचना मी गटाला सांगितलेली नाही, ती तशीच वापरणार आहे. महालकर, चेटकिणीचे नाव आमच्या खेळात मोरवेना आहे. अपभ्रंश सुचला तर कळवावा.

महालकर

'मोरबाई' करा. आणि पुतळा पिवळा ठेवा, काळा नको; गावकऱ्यांत रंगावरून दोन तट पडलेले दाखवले की पहिल्याच बैठकीत भांडण तयार मिळेल.