हाडावर पॅरालॉइड लावावे की नाही?

प्रश्न
पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या सत्रात मी मानवी अवशेषांचे जतन हा विषय घेतला आहे. जुन्या टिपणांमध्ये ठिसूळ हाडे घट्ट व्हावीत म्हणून त्यांना ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ (एक कृत्रिम ॲक्रिलिक राळ) लावण्याची कृती सविस्तर दिली आहे. प्रात्यक्षिकात मात्र मॅडम मऊ कुंचला आणि बांबूची काडी यांपलीकडे काहीही हातात देत नाहीत. हे द्रावण पुन्हा काढता येते, असे सगळीकडे लिहिलेले असताना इतकी सावधगिरी कशासाठी?

उत्तर १
काढता येते ते पृष्ठभागावरचे. हाड सच्छिद्र असल्यामुळे आत मुरलेली राळ ॲसिटोनने कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही, आणि तिच्यातील कार्बन कोट्यवधी वर्षे जुन्या खनिज तेलातून आलेला असल्याने ती नमुन्यात राहिली, तर कार्बन-१४ पद्धतीने काढलेले वय खऱ्यापेक्षा जास्त येते. ओलसर हाडावर तर पांढुरका थर धरतो आणि खालचे हाड भुसभुशीतच राहते. जे हाड उचलताच चुरा होणार, त्याला लावावेच लागते, याबद्दल माझा वाद नाही. पण त्याआधी एखादा दात आणि अंतर्कर्णाभोवतीचे घट्ट हाड, जिथे डीएनए सर्वांत चांगला टिकतो, काहीही न लावता बाजूला ठेवावे. (दात घासून स्वच्छ करण्याचा मोहही आवरावा, त्यावरील किटणात अन्नाचे कण आणि जिवाणूंचे अंश अडकलेले असतात.)

उत्तर २
मऊ ऊती असतील तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. डेन्मार्कच्या दलदलीत १९५० साली सापडलेल्या टोलुंड मानवाचे, म्हणजे तिथे टिकून राहिलेल्या एका प्राचीन मृतदेहाचे, मुख्यतः डोकेच तेव्हा जतन केले गेले. शरीर वाळत गेले आणि आज संग्रहालयात दिसणारे धड ही पुनर्रचना आहे. १९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेल्या ओट्झी या बर्फात गोठलेल्या प्राचीन मृतदेहाला मात्र उणे ६ अंश तापमानात, जवळजवळ पूर्ण आर्द्रतेत ठेवले आहे आणि त्वचा सुकू नये म्हणून त्याच्यावर फक्त निर्जंतुक पाणी फवारतात.

उत्तर ३
एक मुद्दा राहिला. पूर्वी अनेक संग्रहालयांनी कीड लागू नये म्हणून संग्रहातील वस्तूंवर आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगे वापरली. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार मूलनिवासी समाजांना त्यांच्या पूर्वजांचे अवशेष व पवित्र वस्तू परत मिळू लागल्या, तेव्हा त्या हाताळणाऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न उभा राहिला. म्हणून काय लावले, किती आणि कधी, याची नोंद खोक्यावर आणि नोंदवहीत, दोन्हीकडे ठेवा.

प्रश्नकर्ती
आता उलगडा झाला. गेल्या आठवड्यात मिळालेला जबडा आतून अजून दमट होता. तो सावलीत हळूहळू वाळू देत आहे.