मदत हवी आहे: गाण्याची लय वाढते तिथेच रेकॉर्ड फाटल्यासारखी वाजते

नमस्कार मंडळी,

बाबा पुढच्या आठवड्यात म्युनिकला माझ्याकडे येतायत. गावच्या भजनी मंडळात त्यांनी तीसेक वर्षं पखवाज वाजवलाय. त्यांना एक गाणं माझ्या रेकॉर्ड प्लेअरवर ऐकवायचंय आणि नेमकं मोक्याच्या जागी ते बिघडतंय. जाणकारांनी कृपया वाट दाखवा.

गाणं म्हणजे स्पार्क्सचं 'द नंबर वन सॉन्ग इन हेवन', 1979. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्पार्क्स हे लॉस एंजेलिसचे दोन सख्खे भाऊ. थोरला रॉन मेल कीबोर्डवर, धाकटा रसेल गायला. 1974 मध्ये त्यांचं एक रॉक गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. पुढे ओहोटी लागली, अमेरिकेत परतून काढलेले अल्बम चालले नाहीत. अशात 1977 मध्ये डोना समरचं सिंथेसायझरवरचं डिस्को गाणं 'आय फील लव्ह' आलं. ते ऐकून दोघांच्या मनाने घेतलं की त्याचा निर्माता जॉर्जिओ मोरोडरबरोबरच आता काम करायचं. एका जर्मन पत्रकाराशी बोलताना त्यांनी हे सांगून टाकलं आणि मोरोडर त्या पत्रकाराच्या ओळखीचाच निघाला!

रेकॉर्डिंग झालं इथेच म्युनिकमध्ये, अराबेलाहाउस या उंच इमारतीच्या तळघरातल्या म्युझिकलँड स्टुडिओत. रॉक बँड असूनही गिटार बाजूला ठेवली, सगळा डोलारा सिंथेसायझरवर. सिंगल (म्हणजे गाण्याची स्वतंत्र तबकडी) ब्रिटनमध्ये 14 व्या क्रमांकावर पोचलं. 1975 नंतर तिथल्या यादीत त्यांचं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. सिंथेसायझरवर चालणारे कितीतरी बँड पुढे आले, पण 1979 मध्ये एका रॉक जोडीने असं करणं ही मोठी उडी होती असं मला मनापासून वाटतं.

बाबांना का ऐकवायचं? अल्बमवर गाणं जवळजवळ साडेसात मिनिटांचं आहे. पहिला भाग संथ, देवळातल्यासारखे मागून येणारे सूर, वर रसेलचा उंच आवाज. साधारण निम्म्यावर तो भाग ओसरतो आणि गाणं धावायला लागतं. अभंग रंगात आला की मंडळी लय वाढवतात आणि पखवाज उठतो, तो क्षण मला तिथे ऐकू येतो. शिवाय ड्रम्स माणसाने वाजवलेत, कीथ फोर्सीने. यंत्राच्या न चुकणाऱ्या आवर्तनाला धरून तो वाजवतोय. ज्याने तासन्‌तास ठेका धरलाय त्याला त्यातलं कष्टाचं काम कळेल.

आता अडचण. माझ्याकडे अल्बमची जुनी तबकडी आहे, बाजारातून घेतलेली. हे गाणं दुसऱ्या बाजूचं शेवटचं. संथ भाग ठीक वाजतो. लय वाढली की रसेलचे सगळे 'स' फिसकारायला लागतात, झांजेचा आवाज कागद चुरगाळल्यासारखा येतो. त्याच बाजूचं पहिलं गाणं मात्र स्वच्छ. सुई मऊ ब्रशने साफ केली, तबकडीवर सुईचा दाब 2 ग्रॅम ठेवलाय. दोष तबकडीचा, सुईचा की माझ्या जुळणीचा?

प्रतिसाद

लक्षण ओळखीचं आहे. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीत बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम 20-21. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला. उंच सूर, 'स', झांज यांची नागमोडी तिथे इतकी बारीक होते की गोल टोकाची सुई वळणात शिरतच नाही. तुमच्या गाण्याचा धावता भाग नेमका सर्वांत आत आहे.

दुसरी एखादी रेकॉर्ड घ्या आणि तिचं शेवटचं गाणं वाजवून बघा. तिथेही फिसकारलं तर जुळणीचा दोष. सुईचा कोन तपासायची कोनमापक पट्टी कागदावर छापून घ्या, कार्ट्रिजचे (सुई बसवलेल्या डबीचे) दोन्ही स्क्रू सैल करा आणि सुई पट्टीवरच्या दोन्ही खुणांवर रेघांना समांतर बसेपर्यंत कार्ट्रिज मागेपुढे सरकवा. सुई गोल टोकाची असेल तर लंबगोल टोकाची बसवा, आतल्या खाचांत मोठा फरक पडतो. हे करूनही तसंच राहिलं तर आधीच्या मालकाने जड सुईने खाच खरवडली असेल, त्याला इलाज नाही. मग सिंगलची बारा इंची तबकडी शोधा. एका बाजूला हे एकच गाणं, त्यामुळे खाचा ऐसपैस. ती रंगीत प्लॅस्टिकमध्येही निघाली होती.

धागाकर्ता

मनापासून आभार! दुसऱ्या रेकॉर्डलाही शेवटी तसंच होत होतं. पट्टी लावून बघितली तर कार्ट्रिज चांगलं 3 मिलिमीटर मागे बसलेलं. रात्री अकरापर्यंत स्क्रूशी झटापट केली. आता झांज झांजेसारखी वाजते. 'स' पुष्कळ सुधारलेत, पण अगदी शेवटच्या मिनिटात अजून खरखर आहे, ती बहुधा खाचेतलीच. लंबगोल सुई मागवलीय, पण ती बाबा येण्याआधी पोचेल असं दिसत नाही.

म्युनिकमध्ये किंवा आसपास कुणाकडे बारा इंची सिंगल असेल तर शनिवार-रविवारपुरती मिळेल का? मी स्वतः येऊन नेईन आणि सोमवारी आणून देईन.