शब्दचर्चा : इंग्रजीत अवतरणचिन्हाने जोर येतो का?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत टाकी धुण्याची इंग्रजी नोटीस मी लिहिली. आफ्टर सिक्स, 'क्लीन' वॉटर विल बी सप्लाइड. क्लीन शब्द नजरेत भरावा म्हणून चिन्हात घातला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे पाणी खरं स्वच्छ नसणार का रे?" चुकलं कुठे?

प्रतिसाद :
काकूंनी बरोबर वाचलं. शाळेत आपण मराठीचा नियम घोकला : बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी चिन्हात, जोर द्यायचा शब्द एकेरी चिन्हात. यातला दुसरा भाग इंग्रजीला चालत नाही. तिथे एकट्यादुकट्या शब्दाभोवती चिन्ह दिसलं की वाचक त्यात 'तथाकथित' वाचतो. स्केअर कोट्स म्हणतात ते हेच. नोकरीच्या अर्जात कोणी एक्सपिरिअन्स्ड हा शब्द असा लिहिला, तर अनुभवावरच शंका येते.

मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांना देतात. म्हणजे चिन्ह आपण इंग्रजीकडूनच घेतलं, पण वापर आपल्या वळणाने वाढला. 'अवतरण' शब्द मात्र नेमका आहे : अवतरण म्हणजे खाली उतरणं. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे आपल्या कागदावर उतरवले, की चिन्ह. म्हणून ही सेड, "आय विल कम टुमॉरो" इथे चिन्ह हवं. ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे इथे नको, कारण शब्द आता सांगणाऱ्याचे झाले.

एकेरी की दुहेरी? अमेरिकेत आधी दुहेरी, ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी. पूर्णविराम अमेरिकी पद्धतीत चिन्हाच्या आत, ब्रिटिश पद्धतीत अर्थ पाहून. एक पद्धत धरा, ती मोडू नका.

आणि इंग्रजी मजकुरात वडापाव आला तर?

प्रतिसाद :
पदार्थ म्हणून आला तर चिन्ह नको. अनोळखी वाचकासाठी पहिल्यांदा तिरप्या अक्षरात घ्या, पुढे साधा. शब्दाबद्दलच बोलत असाल, म्हणजे 'चॉल' हा शब्द मराठी 'चाळ'वरून आला असं सांगायचं असेल, तर चिन्ह किंवा तिरपी अक्षरं हवीत.

तुमच्या नोटिशीत चिन्ह काढा आणि शब्द वाक्याच्या शेवटी न्या : आफ्टर सिक्स, द वॉटर विल बी क्लीन. इंग्रजी वाक्यात जोर बहुधा शेवटच्या शब्दावरच पडतो.