मदत हवी आहे: एकच चर्चगेट, दोन फोटो. विश्लेषण कसं लिहू आणि तसा स्लो शटर कसा जमवू?

नमस्कार मंडळी, मी फोटोग्राफीच्या डिप्लोमाला आहे, दुसरं वर्ष, कोल्हापूर. एका असाइनमेंटमध्ये अडकलेय आणि इथे फिल्मवर काम केलेली जुनी मंडळी आहेत म्हणून विचारतेय. एकाच जागेचे दोन फोटोग्राफर्सचे फोटो निवडायचे, त्यांचं विश्लेषण लिहायचं आणि मग तेच तंत्र वापरून आपला एक फोटो काढायचा.

मी निवडलेले दोन्ही चर्चगेट स्टेशनचे आहेत, दोन्ही १९९५ चे, दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट आणि दोन्हींत शटर स्लो, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवलेलं, त्यामुळे हलणारं सगळं पुसट येतं. एक ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तियाओ साल्गादो यांचा. ते २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा त्यांचे फोटो सगळीकडे फिरत होते, त्यात हा पहिल्यांदा बघितला. दुसरा आपल्याकडचे फोटोग्राफर रघु राय यांचा. साल्गादोंचा फोटो उंचावरून काढलाय, दोन्ही बाजूंना लोकल उभ्या आहेत आणि मधून माणसांचा नुसता लोंढा वाहतोय, चेहरा म्हणून धड एकाचाही हाती लागत नाही. राय यांच्या फोटोत आजूबाजूची गर्दी तशीच पुसट झालीय पण मध्ये काही माणसं पेपर उघडून वाचत थांबलीयत आणि ती स्पष्ट दिसतात. हे शेजारी ठेवून बघितलं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, कारण स्टेशन तेच, वर्ष तेच, युक्तीही तीच, आणि तरी मला एकात माणूस हरवलेला वाटतो आणि दुसऱ्यात तोच माणूस ठामपणे उरलेला वाटतो.

आता अडचण. मी चार पानं लिहून दिली, सरांनी वाचून एवढंच म्हटलं की हे वर्णन झालं, विश्लेषण कुठंय. आणि ते खरं आहे, मी रेषा कुठे जातात, काळं किती पांढरं किती, फोरग्राउंडला काय, बॅकग्राउंडला काय असं सगळं लिहिलंय. पण ‘हरवलेला’ आणि ‘उरलेला’ हे जे मला वाटतंय ते लिहायला गेलं की माझं मलाच वाटतं की हे फोटोत आहे की मी वरून चिकटवतेय? ते सिद्ध कसं करायचं?

तंत्राच्या बाजूने मी थोडं डोकं चालवलंय, बरोबर आहे का सांगा. गर्दीत माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतो असं धरलं तर १/१५ सेकंदात तो सहासात सेंटीमीटर सरकतो, म्हणजे चेहऱ्याच्या कडा हलतात पण माणूस ओळखू येतो. अर्ध्या सेकंदात अर्धा मीटर, म्हणजे खांद्याच्या रुंदीएवढा, तिथे चेहरा जातो पण माणसाचा आकार राहतो. दोन सेकंद ठेवलं तर दोन मीटर, मग माणूस धुक्यासारखा होतो किंवा दिसतच नाही. अजून एक लक्षात आलं की अर्ध्या सेकंदाच्या आसपास डोकं पुसलं जातं पण जमिनीवर टेकलेला पाय बऱ्यापैकी शार्प येतो, कारण चालताना एक पाय तेवढा वेळ जागेवरच असतो. त्यामुळे कुणाच्याही अशा फोटोत आधी पाय बघायचे, त्यावरून शटरचा अंदाज येतो, असं मी वहीत लिहून ठेवलंय.

स्वतःचा फोटो मात्र जमत नाहीये. रेल्वे स्टेशनात ट्रायपॉड लावायचा तर परवानगीचं प्रकरण, म्हणून महाद्वार रोडवर एका ओळखीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरून काढते. कॅनन २००डी, १८-५५ किट लेन्स, आयएसओ १०० (म्हणजे उजेडाला सगळ्यात कमी संवेदनशील), एफ १६ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक), दिवस मावळताना १/४ सेकंद मिळतो आणि दुकानांचे दिवे लागल्यावर एक सेकंदापर्यंत जाता येतं. एक्स्पोजर बरोबर येतं, कॅमेरा हलत नाही, टायमर लावते. पण फोटो बघितला की सगळं पिठल्यासारखं एकजीव, कुठे बघायचं तेच कळत नाही. साल्गादोंच्या फोटोत तेवढीच गर्दी आहे, मग तिथे नजर का ठरते? मैत्रीण म्हणाली मी मध्ये उभी राहते पुतळ्यासारखी, पण ते मला नको आहे, राय यांच्या फोटोतली माणसं मला कुणी उभी केल्यासारखी वाटत नाहीत आणि त्यातच सगळी मजा आहे.

तर विश्लेषणाचं काय करू, आणि जागा बदलू की शटर? फिल्टर लागेल का? सविस्तर सांगितलंत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

पायांचं निरीक्षण झकास आहे, ते असाइनमेंटमध्ये नक्की टाक.

विश्लेषणासाठी मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट करायला लावतो. फोटोग्राफरने जो निर्णय घेतला त्याच्या जागी दुसरा ठेवून बघ आणि काय हातचं गेलं ते लिही. साल्गादोंचा तोच फोटो १/२५० सेकंदाला काढला असता तर? शेकडो चेहरे आले असते, कुणी वैतागलेला, कुणी हसणारा, आणि नजर एकेका चेहऱ्यावर अडकत गेली असती, लोंढा दिसलाच नसता. कॅमेरा खाली आणला असता तर? पुढच्या चार पाठींनी मागचं सगळं झाकलं असतं. राय यांच्या फोटोत हाताने ती पेपरवाली माणसं झाक आणि बघ काय उरतं. म्हणजे ‘हरवलेला’ हा शब्द तुझा असला तरी त्याचा पुरावा फोटोतच सापडतो, शटर आणि उंची या दोन निर्णयांत. असं लिहिलंस की ते चिकटवलेलं राहत नाही.

आता तुझं पिठलं. साल्गादोंच्या फोटोत नजर का ठरते विचारलंस, तर त्या उभ्या लोकलमुळे. ते डबे शार्प आहेत, सरळ आहेत, आणि गर्दीला दोन काठ देतात. राय यांच्याकडे तेच काम पेपर वाचणारे करतात. थांबलेलं काहीतरी असल्याशिवाय हललेलं दिसत नाही. महाद्वार रोडवर माणसं दोन्हीकडून येतात, मध्येच थांबतात, वळतात, परत फिरतात, त्यामुळे वाहण्याला दिशाच नाही. शटर कितीही बदल, तिथे हेच होणार. जागा बदल.

कोल्हापूरचीच आहेस तर शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालतात तिथे का जात नाहीस? हंगामात सकाळी जा. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या जागच्या हलत नाहीत, आणि सौदा एका थप्पीवरून दुसरीकडे सरकतो तशी सगळी माणसं एका दिशेने सरकतात. शिवाय कुणीतरी हिशेब लिहीत बसलेला असतोच, त्याला तुला उभं करावं लागत नाही. अडत्याला आधी भेटून विचार आणि हमालांच्या वाटेत ट्रायपॉड लावू नकोस. छताखाली उजेड कमी असतो, तिथे आयएसओ १०० आणि एफ १६ वर अर्धा सेकंद सहज मिळावा.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, पण एक भर घालते. साल्गादोंचा तो फोटो एकटा बघू नकोस. तो त्यांच्या स्थलांतरावरच्या मोठ्या कामातला आहे, १९९३ ते १९९९ या काळात केलेलं, २००० मध्ये पुस्तक आलं. ते स्वतः आधी अर्थशास्त्रज्ञ. गाव सोडून शहरांकडे लोटणारी माणसं हा त्या कामाचा विषय, त्यामुळे त्यांना लोंढा दाखवायचा होता हे म्हणायला आधार आहे. राय यांची सुरुवात वर्तमानपत्रातली आणि त्यांनी सगळी हयात इथल्याच रस्त्यांवर काढली. गर्दीत पेपर उघडून आपल्यापुरती जागा करून घेणारा मुंबईकर त्यांना दिसला. मला तरी हा फरक तंत्रापेक्षा मोठा वाटतो.

आणि हे फोटो मोबाइलवर बघून लिहू नकोस. काळ्यात अर्धवट उमटलेली माणसं असतात ती छोट्या स्क्रीनवर दिसतच नाहीत. कॉलेजच्या किंवा शहरातल्या लायब्ररीत पुस्तक मिळालं तर तिथेच बसून, वही घेऊन बघ.

फिल्टरबद्दल: एनडी ८ घे, ती लेन्सपुढे लावायची काळसर काच, तिने तीन स्टॉप उजेड कमी होतो, म्हणजे एक अष्टमांश उरतो, म्हणजे १/४ च्या जागी दोन सेकंद. पण दोन सेकंदांत माणसं नाहीशी होतात हे तूच लिहिलंयस. तुला अर्ध्याच्या आसपास राहायचंय, त्यामुळे फिल्टर फक्त भर उजेडात. एफ २२ ला मात्र जाऊ नकोस, त्या लेन्सवर सगळंच मऊ पडतं आणि मग गुळाच्या थप्प्यासुद्धा शार्प येणार नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुम्ही सांगितलं तसं हाताने झाकून बघितलं, राय यांच्या फोटोतले पेपरवाले झाकले तर उरलेला भाग कुठल्याही स्टेशनचा होऊ शकतो, हे मी आता पहिल्याच पानावर लिहितेय. आणि साल्गादोंच्या लोकल झाकल्या तर लोंढा कुठून कुठे चाललाय तेच कळेनासं होतं. एवढ्या वेळा बघूनही त्या गाड्यांकडे माझं लक्ष नव्हतं, मी माणसांतच गुंतलेले.

ताई, पुस्तकाचं कॉलेजच्या लायब्ररीत विचारते.

मार्केट यार्डात काकांच्या ओळखीचे एक अडते आहेत, त्यांना फोन केलाय, सौदे सुरू व्हायच्या आधी या म्हणाले. दोन प्रश्न उरलेत. तिथे वरून काढायला जागा नसेल तर खालूनच करू ना, की साधं स्टूल नेऊन थोडी तरी उंची घेऊ? आणि कोल्हापुरात कुणाकडे ५८ मिमीचा एनडी ८ दोन दिवसांसाठी मिळेल का? पत्र्यातून ऊन आत येत असेल तर लागेल. मी येऊन घेऊन जाईन आणि परत आणून देईन.