स्ट्रेंग्थनच्या प्रश्नात शेवटी दोन ऑप्शन उरतात, त्यातला कुठला धरायचा?

निपाणीकर_तयारी

नमस्कार मंडळी. जीमॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायलोय. रीडिंग बऱ्यापैकी जमतंय, पण क्रिटिकल रिझनिंगमध्ये आर्ग्युमेंट स्ट्रेंग्थन करा, म्हणजे दिलेला युक्तिवाद बळकट करा म्हटलं की तीन ऑप्शन उडवता येतात आणि उरलेल्या दोघांत गाडी अडते. कालचाच प्रश्न बघा, थोडक्यात लिहितो.

एका तालुक्यात गेल्या वर्षी काही शेतकऱ्यांनी उसाला ठिबक बसवलं. तोडणी झाल्यावर त्यांचं एकरी टनेज बाकीच्यांपेक्षा जास्त भरलं. यावरून ठिबकमुळे टनेज वाढतं हे दिसतं. खालीलपैकी काय खरं असेल तर हा निष्कर्ष सगळ्यात जास्त बळकट होतो?

अ) ठिबकमुळे पाण्याची बरीच बचत होते.
ब) ठिबक बसवायच्या आधीच्या वर्षांत या शेतकऱ्यांचं टनेज बाकीच्यांइतकंच होतं.
क) ठिबक बसवलेले बहुतेक शेतकरी समाधानी आहेत.
ड) ठिबक बसवणाऱ्यांनी त्याच हंगामात नव्या जातीचं बेणं लावलं होतं.
इ) पुढच्या वर्षी आणखी शेतकरी ठिबक बसवणार आहेत.

उत्तर ब दिलंय. अ का नाही? आमचा स्वतःचा ऊस आहे, ठिबकनं पाणी वाचतं हे डोळ्यानं बघतोय, म्हणजे ते ठिबकच्या बाजूचंच झालं की. आणि ब मध्ये ठिबक नसतानाचं सांगितलंय, त्यानं ठिबकचं कसं काय सिद्ध होतं? कुणीतरी फोड करून सांगा.

खानापूर_अक्का

निष्कर्ष परत एकदा वाच भावा. तो फक्त टनेजबद्दल बोलतोय. पाणी वाचतं, मजुरी वाचते, तण कमी येतं, हे सगळं ठिबकचं कौतुक झालं, टनेजबद्दल त्यात अवाक्षर नाही. पाणी वाचलं म्हणून ऊस जास्त भरला ही कडी तुझ्या डोक्यानं जोडली, ऑप्शननं नाही, आणि घरी ऊस असला की ही कडी आपोआप जोडली जाते म्हणून ओळखीच्या विषयावरचा प्रश्न आला की जास्त सावध राहायचं.

आता ब. पुरावा काय आहे, ठिबकवाल्यांचं टनेज जास्त. निष्कर्ष काय, ठिबकमुळे जास्त. या दोघांच्या मधे उडी आहे आणि सगळा प्रश्न त्या उडीतच आहे. ज्याच्याकडे ठिबकला घालायला पैसा आहे त्याच्याकडे काळी कसदार जमीन असेल, स्वतःची बोअर असेल, खत वेळेवर पडत असेल, म्हणजे ठिबक नसतं तरी त्याचा ऊस शेजाऱ्यापेक्षा चांगलाच आला असता. ही शंका कुणीही काढेल. ब म्हणतो की नाही, आधी दोघं सारखेच होते, फरक नंतर पडला. शंका गेली, उडी छोटी झाली. ठिबकचं नाव घेऊन ठिबकची बाजू घेणारा ऑप्शन शोधत बसू नको, उडी छोटी करणारा शोध.

वडगाव_बँकवाला

अक्कांनी बरोबर सांगितलंय. मी बँक पीओ मेन्सची तयारी करतोय, तिथंही हेच येतं. माझ्याकडून एवढंच की "सिद्ध" हा शब्द डोक्यातून काढा. ब खरा धरला तरी ड मधल्यासारखं नवं बेणं हे कारण असू शकतंच की, म्हणजे ब नं काही सिद्ध होत नाही, फक्त निष्कर्षावरचा विश्वास आधीपेक्षा वाढतो, आणि प्रश्न तेवढंच मागतोय. ड तर उलट दिशेचा आहे, दुसरं कारण पुढं करून निष्कर्ष कमजोर करतो. असा एक उलटा ऑप्शन बऱ्याचदा ठेवलेला असतो आणि घाईत तोच निवडला जातो, कारण तो मुद्द्याला बरोबर भिडतो.

दुसरं, "काय खरं असेल तर" असं विचारलंय म्हणजे ऑप्शन खरा धरूनच चालायचं, खरंच असं होतं का यावर वेळ घालवायचा नाही. आणि इन्फरन्सच्या, म्हणजे उताऱ्यावरून काय नक्की निघतं ते विचारणाऱ्या प्रश्नात "सगळे", "कधीच" असले कडक शब्द दिसले की आपण ऑप्शन उडवतो, ती सवय इथं लावू नका. इथं ऑप्शन जेवढा जोरदार तेवढी बळकटी जास्त.

निपाणीकर_तयारी

लई धन्यवाद अक्का आणि दादा, आता डोक्यात शिरलं. मग हे बघा बरोबर आहे का. कॉलेजचा निकाल घसरला, लायब्ररी रात्री दहापर्यंत उघडी ठेवली तर सुधारेल असं प्राचार्य म्हणतात. एक ऑप्शन, दुसऱ्या कॉलेजांच्या लायब्रऱ्या दहापर्यंतच असतात. दुसरा, बऱ्याच मुलांना घरी अभ्यासाला जागा नाही आणि लायब्ररी बंद झाली की त्यांचा अभ्यास थांबतो. मी दुसरा धरला, कारण उपायातून निकालापर्यंत जायची वाट त्यात दिसते. पहिल्यात दुसरे काय करतात एवढंच आहे, त्यांचा निकाल चांगला आहे का ते पण नाही.

खानापूर_अक्का

एकदम बरोबर. उपायाच्या प्रश्नात हेच बघायचं, हा उपाय केला तर ठरवलेलं खरंच गाठता येईल का. त्याच प्रश्नात "त्यातल्या बहुतेक मुलांची गावाकडची शेवटची बस साडेसातला सुटते" असा ऑप्शन आला असता तर तो पाडणारा, म्हणजे निष्कर्ष कमजोर करणारा झाला असता. आपल्याकडच्या खेड्यातल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि वेळेचं बघ, व्हर्बलला, म्हणजे हे प्रश्न येतात त्या सेक्शनला ४५ मिनिटांत २३ प्रश्न आहेत, म्हणजे एकाला दोन मिनिटंही पुरती नाहीत, त्यामुळे ऑप्शन वाचायच्या आधीच उडी कुठं आहे ते मनात ठरवून टाक. दोघांत अडलंच तर एक निवडून खूण करून पुढं जा, सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर ३ उत्तरं बदलता येतात.

चिकोडी_क्लॅट

मधेच विचारतो, माझं क्लॅट आहे, लॉच्या प्रवेशाची परीक्षा. १२० मिनिटांत १२० प्रश्न आणि चुकलं की पाव मार्क जातो. "खालीलपैकी एक सोडून बाकी सगळे आर्ग्युमेंट बळकट करतात, तो एक कुठला" असं आलं की मी पाडणारा ऑप्शन शोधतो. बरोबर आहे का?

वडगाव_बँकवाला

नाही. उत्तर पाडणारा असू शकतो, पण असलाच पाहिजे असं नाही. तुमच्याकडे चार ऑप्शन, त्यातले तीन बळकटी देणारे शोधून बाजूला काढा, उरेल तो उत्तर, मग तो पाडणारा असो नाहीतर मुद्द्याशी संबंध नसलेला. वरच्या ठिबकच्या प्रश्नाचंच बघा, बाकी सगळ्या ऑप्शननी टनेजच्या निष्कर्षाला बळ दिलं असतं तर पाणी वाचवणारा अ हेच उत्तर झालं असतं, कारण तो टनेजच्या आड येत नाही आणि मदतही करत नाही.